थोडं कमी

नवऱ्याने तिच्या हातून चहाचा कप काढून घेतला आणि त्या जागी बिटाच्या रसाचा पेला ठेवला.

“आधी हे. चहा नंतर.”

तिने पेला डाव्या हाताने उचलला. उजवा मांडीवर होता, उठल्यापासून तिथेच. रस गार होता आणि त्याला मातीचा वास होता. सुरुवातीला ती तोंड वाकडं करून प्यायची. आता तेवढेही कष्ट घेत नसे.

“आज कसं आहे?” त्याने विचारलं. तो पाठमोरा उभा राहून पाव कापत होता.

“थोडं कमी आहे.”

“छान.”

नवऱ्याने आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. दुकानांतले, गोदामांतले, एकदा तर अख्खा ट्रक उभा राहील एवढा. तो निवृत्त झाला आणि नेमकं त्याच सुमारास डॉक्टरबाईंनी तिच्या हाताच्या दुखण्यावर सांगितलं की आधी आहार बदलून बघा, वेळेवर झोपा, रोज चाला, सहा महिन्यांनी या. त्याला आयतं काम मिळालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काटा काय दाखवतो ते बघायचं, ही त्याची जुनी रीत. आता काटा म्हणजे ती.

पहिल्याच आठवड्यात, दमून घरी आल्यावर, त्याला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली होती, थोडं कमी वाटतंय. त्या दिवशी जेवणात बीट होतं. तेव्हापासून बीट घरात मुक्कामालाच आलं. पुढे एकदा तिने खरं सांगून पाहिलं. आज जरा जास्त आहे, म्हणाली. तर आदल्या रात्रीची वांगी दोषी ठरली आणि हद्दपार झाली. मग टोमॅटो गेले. मग बटाटे. एका वाईट दिवसामागे एक भाजी जायची. वांगी तर तिच्या जिवाची होती. उरलेल्या भाज्या वाचवायच्या तर वाईट दिवस परवडणारे नाहीत, एवढं तिला कळलं आणि ती कायमची ‘थोडं कमी’वर येऊन थांबली.

तोही तिच्याबरोबर तेच खायचा. तू एकटीने का कुढायचं, म्हणायचा. गहू आणि साखरही बंद झाल्यावर तो पहाटे उठून पावासाठी दुसरंच पीठ भिजवायचा, मग तिला फिरायला न्यायचा आणि तिची चाल मंदावली की आपणच दमल्यासारखा थांबायचा.

“पाव हल्ली मऊ होतो,” ती म्हणाली. बिनगव्हाचा तो पहिला पाव खिडकीवर फेकला असता तर काच गेली असती. “हात बसला तुमचा.”

“हं,” तो म्हणाला आणि सुरी धुवायला लागला.

डॉक्टरांकडे दुपारी जायचं होतं. त्याआधी दुकानात एक गिऱ्हाईक होतं. बायकांचे केस कापायचं तिचं दुकान, दोन खुर्च्यांचं. एक खुर्ची तिची, एक तिच्या भागीदारणीची. खुर्चीत निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, दुकान उघडल्यापासून येणाऱ्या.

“तुझा पार ससा करून टाकला म्हणे नवऱ्याने.”

“सशाला गाजर तरी मिळतं.”

“का, गाजराने काय घोडं मारलं?”

“गोड असतं.”

शिक्षिका हसल्या, मान हलली. तिने कात्री वर धरली, मान स्थिर व्हायची वाट पाहिली. आधी आवाज आला. हात रिकामा आहे हे तिला त्यानंतर कळलं. कात्री खाली पडली होती, शिक्षिकांच्या चपलेला लागून, टोक आत वळलेलं. तिने बोटांकडे पाहिलं. बोटं कात्री धरल्यासारखीच वाकलेली होती.

भागीदारीण दुसऱ्या खुर्चीकडून आली, कात्री उचलून पुसली आणि उरलेले केस कापायला लागली. हे तिने अलीकडे बरेचदा केलं होतं.

“आज डॉक्टरला सांग,” शिक्षिका आरशातून म्हणाल्या.

“हो.”

“असं ‘हो’ माझ्या वर्गातल्या मुली म्हणायच्या. गृहपाठ न केलेल्या.”

ती डाव्या हाताने केस झाडत राहिली. खरं सांगितलं तर त्याच्या सगळ्या पहाटा फुकट गेल्या. नाही सांगितलं तर डॉक्टर आणखी सहा महिने बीट प्यायला सांगतील, आणि तोवर कात्री धरणं संपलेलं असेल. दोन्ही गोष्टी तिने दोन्ही बाजूंनी पाहिल्या. कुठलीच बोचली नाही. सुपलीत केस भरले आणि डब्यात टाकले.

डॉक्टरबाई वयाने या दोघांची मुलगी शोभतील एवढ्या होत्या. त्यांनी तिचा हात फिरवून पाहिला, बोटं दाबायला लावली, आणि मागे टेकून म्हणाल्या,

“आहाराने फरक पडला असेल तर हेच चालू ठेवू. नसेल तर तपासण्या करू आणि औषध सुरू करू, तेही लगेच. फार उशीर झाला तर हातातली ताकद परत येईलच असं नाही. कसं आहे आता?”

“थोडं...”

“कमी नाहीये,” नवरा म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत होता.

“तीन आठवडे झाले, पावात गहू घालतोय मी. साधं पीठ, दुकानातलं. थोडी साखरसुद्धा. तिला सांगितलं नाही. रोज विचारलं, रोज थोडं कमी. वजन ठेवलं, काढलं, आणि काटा हललाच नाही तर... आणि पांघरूण ती दाताने ओढते. तिला वाटतं मी झोपलोय.”

“असं न सांगता करायचं नसतं,” डॉक्टर म्हणाल्या.

“हो. चुकलंच ते.”

आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटलं. पर्समध्ये किल्ली चाचपावी तसा तिने तो आत शोधला. सापडला नाही.

“म्हणून मऊ,” ती म्हणाली.

“म्हणून.”

“मग वांगी तरी आणायची.”

“वांगी पाहून तुला लगेच कळलं असतं,” तो म्हणाला.

डॉक्टर हसू दाबत खुर्ची पुढे घेऊन बसल्या.

“बरं. आता तुम्ही सांगा. नक्की कुठे, आणि कसं?”

तिने उजवा हात टेबलावर ठेवला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. सावकाश सांगत गेली, कुठलंही विशेषण न लावता, जणू शेजारणीचा हात आहे. करंगळीकडची दोन बोटं सकाळी नसल्यासारखीच असतात. नळाचं पाणी गरम की गार हे या हाताला कळत नाही, म्हणून ती आधी डावा हात धरते. ती सांगत इथवर आली तेव्हा नवऱ्याने चष्मा काढला आणि हातात धरून बसला.

मनगट झालं. कोपर अजून व्हायचं होतं, खांदा, मान. डॉक्टरांनी दार उघडून बाहेरच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.