राधाची साक्ष

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून गिरणगाव पेटलं. लालबागला भर दुपारी दगडांच्या माऱ्यात एक हवालदार मेला आणि धरपकडीत करी रोडच्या चाळीतला लवू सापडला. खुनाचा आरोप ठेवून त्याला सेशन कोर्टात उभं केलं.

लवू त्या वेळी तिथे नव्हताच. शेजारच्या बुधाजीबरोबर तो गोळी लागलेल्या एका अनोळखी माणसाला हातगाडीवर घालून परळच्या इस्पितळात नेत होता. तो माणूस दारातच गेला. आणणाऱ्यांची नावं कुणी विचारली नाहीत.

लवूची बायको राधा साक्षीला उभी राहायची होती. सबनीस वकिलांनी तिला बजावलं, "दुपारी जेवून बाहेर पडला, एवढंच सांगा. पुढचं बुधाजी सांगेल."

राधानं तेवढंच सांगितलं. मग सरकारी वकील उठले. आवाज अगदी मऊ.

"जाताना काय म्हणाला, बाई?"

"लालबागेत काय चाललाय बघून येतंय," असं लवू म्हणाला होता. ते राधाच्या ओठापर्यंत आलं, पण तिनं ते गिळलं. लालबागचं नाव घेतलं की माणूस फासावर गेला, असं तिच्या मनानं घेतलं.

"भाजी आणूक गेले," ती म्हणाली.

"म्हणजे लगेच परतला असेल?"

"होय साहेब. मग दिवे लागेपर्यंत घरातच होते."

सरकारी वकील खाली बसले. राधाला वाटलं, निभावलं. मग तिनं सबनीसांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पाठोपाठ बुधाजीनं शपथेवर हातगाडीची हकीकत जशीच्या तशी सांगितली. सरकारी वकील ज्यूरीकडे वळले. "बायको म्हणते घरात, शेजारी म्हणतो इस्पितळात. आरोपी एक आहे, सद्‌गृहस्थहो!"

नऊ जणांच्या ज्यूरीत सहा म्हणाले दोषी, तीन म्हणाले निर्दोष. जन्मठेप झाली.

"हायकोर्टात मी सांगतंय ना, खोटा बोललंय म्हणून!" राधा वकिलांच्या पायाशी बसली.

"तिथे साक्षी होत नाहीत, बाई. ज्यूरीनं जे मानलं, त्यात हायकोर्ट शिरत नाही. जजसाहेबांनी ज्यूरीला कायदा चुकीचा समजावला असेल, तरच काही आशा."

कायदा त्यांनी नीट समजावला होता. अपील फेटाळलं गेलं.

येरवड्याला भेटीत जाळीपलीकडून लवूनं विचारलं, "खोटा कित्याक बोललंस गो?"

"तुमका वाचवूक."

त्यानं जाळी धरली. मग म्हणाला, "बुधाजीक चाळीत काय म्हणतत?"

राधानं मान खाली घातली. बुधाजीनंच कोर्टात खोटं बोलून लवूला घालवलं, असं लोक म्हणत होते. भर नळावर बायका त्याच्या बायकोला, सुभद्रेला, टोमणे मारत होत्या आणि राधा कळशी भरून गप निघून येत होती.

"जा. सगळ्यांसमोर सांग," लवू म्हणाला.

दुसऱ्या सकाळी नळावर गर्दी असताना राधानं सांगितलं. ओरडूनच सांगितलं.  वरच्या गॅलरीत बुधाजी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

"ह्या कोर्टात सांगूचा होता गो," एवढंच तो म्हणाला आणि आत गेला.

राधाच्या कळशीवरून पाणी वाहत होतं. नळ बंद करायला कुणी पुढे झालं नाही.