तुयगुन आणि बुरुलचा

अर्धांगाचा झटका आल्यापासून साटिबाल्दीचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. आयुष्यभर शिकारी बाज त्याच हातावर बसत आले होते. आताची मादी, तुयगुन, अंगानं दांडगी आणि डोळे निखाऱ्यासारखे. धन्याचा हात मिळेना म्हणून ती बसायच्या दांडीवर फडफडून पिसं मोडून घ्यायला लागली.

"मी नेतो माझ्याकडे. नाहीतर मरेल हो ती," शेजारचा जुमाकादिर म्हणाला.

साटिबाल्दीनं होकाराची मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ते काही त्याच्या बायकोला, बुरुलचाला, बघवलं नाही. या पाखराला ती सवत म्हणायची; घरातलं ताजं मटण आधी तिला, मग बायकोला! तरी तिनं नवऱ्याचा चामडी हातमोजा काढला आणि हातात चढवला.

"तू?" साटिबाल्दीची जीभ अडखळत होती. "अगं, कोंबडा अंगावर आला तर पळतेस."

"पळते. म्हणून म्हणते, शिकवा. पडून पडून कंटाळा नाही येत?"

मग तो अंथरुणातून शिकवू लागला. तिच्या डोळ्यांत बघू नकोस. हात हलवू नकोस. तुयगुन झेप घ्यायची, पायातल्या दोरीला उलटी लटकायची. बुरुलचा शिव्या घालत तिला पुन्हा हातावर घ्यायची. चुलीपाशी, अंगणात, शेजारणींच्या घोळक्यात, सगळीकडे घेऊन फिरायची. एका सकाळी तुयगुननं तिच्या मुठीतला मांसाचा तुकडा शांतपणे खाल्ला. बुरुलचा श्वास रोखून उभी राहिली.

पानगळीत जुमाकादिरनं साटिबाल्दीला गाडीत बसवून नदीकाठी आणलं. झुडपातून तित्तर उडाला. बुरुलचानं हात झोकून तुयगुनला सोडलं. पण तित्तर काटेरी जाळीत घुसला, आणि चिडलेली तुयगुन उंच पॉप्लरच्या झाडावर जाऊन बसली. बुरुलचानं हाका मारल्या, मांस दाखवलं. ती ढिम्म.

"गेली हो!" बुरुलचा रडकुंडीला आली.

तेवढ्यात गाडीतून बाजाला बोलवायचा आवाज आला, "पूऽऽ! पूऽऽ!" चिरका, पण खणखणीत. झटका आल्यापासून साटिबाल्दी एवढ्या मोठ्यानं बोललाच नव्हता.

तुयगुननं मान वळवली, पंख मिटून खाली झेपावली आणि धाडकन येऊन बसली बुरुलचाच्या मुठीवर.

बुरुलचा तशीच गाडीपाशी गेली. साटिबाल्दीनं डावा हात पुढे केला, आधी पाखराच्या छातीवरून फिरवला, मग बायकोच्या ओल्या गालावरून.

"हात खाली झुकतोय तुझा," तो म्हणाला. "उद्या परत येऊ."