निळ्या चौकड्यांचे पडदे

“ऑगस्ट, कॉफी गरम ठेव, मी आलोच,” असं म्हणून लेम दार ओढून घ्यायचा. लेम गाडीखाली गेला त्याला सहा वर्षं झाली, तरी दार करकरलं की ऑगस्ट क्लाइनच्या कानी तोच आवाज यायचा.

आज दार उघडलं ते लेमच्या बायकोनं, हेस्टरनं. पडदे न्यायला आली होती. तिनेच शिवलेले, निळ्या चौकड्यांचे. हा मालगाडीचा शेवटचा डबा पंधरा वर्षं गार्ड क्लाइनच्या नावावर होता. तो इथंच जेवायचा, इथंच झोपायचा. लेम त्याचा ब्रेकवाला. गाडी हेस्टरच्या परसामागून जाताना लेम खिडकीतून पडदा तीनदा हलवायचा.

राज्याचा नवा कायदा आला होता. शेवटच्या डब्याला अमुक लांबी हवी, आठ चाकं हवीत, दोन्ही टोकांना दाराबाहेर उभं राहायला रुंद ओटा हवा. हा चार चाकांचा ठेंगू उद्या मोडीत निघणार होता.

बाहेर पिटनी सुतार फीत लावून मापं घेत होता.

“सतरा फूट. क्लाइन, हा डबा म्हणायचा की कोंबड्यांचं खुराडं?”

“पंधरा वर्षांत अंडं काही सापडलं नाही बुवा,” क्लाइन म्हणाला.

हेस्टर हसली नाही. तिने पडदा उतरवून नाकाशी धरला. कोळशाचा धूर, तंबाखू. गाडी अजून रोज जाते, ती म्हणाली, आणि हात पुसून ती अजून परसात येते. पडदा मात्र ओढलेलाच असतो.

मग पडद्याची घडी घालता घालता तिने विचारलं, “कामावर असताना कधीपासून प्यायचा तो? कंपनीच्या अपघाताच्या कागदात आहे ते. सहा वर्षं मी मनातल्या मनात भांडतेय त्याच्याशी.”

क्लाइन शेगडीवरची रिकामी किटली उगीच सरकवत राहिला.

“ओटा दहा इंच,” पिटनीनं बाहेरून पुकारलं. “कायद्याला चोवीस हवेत.”

क्लाइन दारात गेला. ओट्यावर त्याने आपला बूट ठेवला. टाच दाराला टेकली, चवडा बाहेर अधांतरी राहिला. तसाच उभा राहून, मागे न पाहता तो बोलला.

“हेस्टर, तो थेंबभरही प्यायलेला नव्हता. इथं त्याचा पाय मावला नाही. दारूचं मी लिहिलं. तसं लिहिलं नसतं, तर हा डबा काढून घेणार होते माझ्याकडून.”