तिघांची मांडणी

पावात रुतवलेला पिठाचा चेहरा बोटाच्या पेराएवढाच होता — डोळ्यांचे दोन काळे ठिपके, तोंडाची लाल रेघ, डोक्यावर पिवळा मुकुट — आणि ओतिलिया त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत उभी होती, कारण तो चौथा होता. मृतांच्या सणाला ती दर वर्षी तीन पाव आणायची. एक आईचा, एक वडिलांचा, एक फिदेन्सियोचा, म्हणजे नवऱ्याचा. घरातून गेलेल्या माणसागणिक एक पाव आणि पावागणिक एक चेहरा. एवढ्या सोप्या गोष्टीत चूक व्हायला जागा तरी कुठे होती? पण टोपलीत चार पाव होते, आणि चौथ्याचे डोळे भट्टीच्या आचेनं पसरून जरा तिरळे झाले होते.

ती टोपली घेऊन ती सकाळीच तरातरा भट्टीवर जाऊनही आली होती. भट्टीवाली एर्मेलिंदा तिची लहानपणापासूनची मैत्रीण, तोंडाची फटकळ, आणि सणाच्या दिवशी तर तिच्याशी बोलायची सोय नाही.

"तूच सांगितलेस की चार!"

"मी? मी फक्त नेहमीचेच म्हणाले."

"तोंडानं नेहमीचेच म्हणालीस आणि हातानं चार बोटं दाखवलीस. माझे डोळे अजून शाबूत आहेत, ओती." आणि मग ओतिलियाचा चेहरा बघून एर्मेलिंदानं आवाज खाली आणला. "राहू दे गं. आजच्या दिवशी पाव परत घेत नसतात. ने घरी."

चार बोटं. घरी येताना वाटभर ती आपल्या उजव्या हाताकडे बघत आली. चाळीस वर्षं काळ्या मातीत घातलेला हात. न विचारता पुष्कळ काही करायचा तो — मडक्याची मान कुठे आवळायची, काठ कुठे बाहेर काढायचा, हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं — पण म्हणून त्यानं हेही परस्पर ठरवून टाकावं? तिनं चौथा पाव फडक्यात गुंडाळला आणि कपाटात चादरींच्या मागे सारला. उरिएल मेलेला नव्हता. उरिएल उत्तरेत होता.

उत्तरेत, म्हणजे नेमकं कुठे, हे गावात कोणी विचारत नसे. सात वर्षांपूर्वी टेम्पोभर मडकी घेऊन तो सीमेकडच्या एका बाजाराला निघाला, दुसऱ्या दिवशी एका पेट्रोल पंपावरून त्याचा फोन आला — आई, आवाज तुटतोय गं, नंतर करतो — आणि ते 'नंतर' अजून संपलेलं नव्हतं. टेम्पो सापडला नाही. मडक्यांचं एक खापरसुद्धा नाही. सरकारी कचेरीतल्या एका पोरगेल्या बाईनं ओतिलियाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नेली होती, आणि काही सापडलं तर कळवू म्हणाली होती. काही म्हणजे काय, हे विचारायला ओतिलिया तोंड उघडणार, तर काडीच आडवी आलेली. तेव्हापासून दर वर्षी मृतांच्या सणाला गावातल्या बायका हळूच तिच्या दारातून डोकावून जायच्या, घरात गेलेल्यांसाठी मांडलेल्या वेदीवर फोटो किती आहेत ते बघायला. तीन. मोजा, हवं तर पुन्हा मोजा.

सून होविता अंगणात झेंडूच्या फुलांची ओंजळ ओंजळ वाट घालत होती, रस्त्यापासून थेट वेदीपर्यंत, येणाऱ्यांना घर चुकू नये म्हणून. चौतीस वर्षांची झाली होती. शेजारच्या गावातला एक सुतार हल्ली काही ना काही निमित्त काढून येत असे, कधी खुर्चीचा पाय बसवायला, कधी दाराची कडी. या घरातलं लाकूड एवढं कधीपासून मोडायला लागलं, असा टोमणा ओतिलियाच्या जिभेवर यायचा आणि ती तो गिळायची. मागच्या आठवड्यात भांडी घासता घासता, मान वर न करता होविता म्हणाली होती, "आई, मी बायको आहे की विधवा, एवढं तरी सांगा मला कोणीतरी." ओतिलियानं घासलेली ताटं पुसून फळीवर लावली होती. उत्तर नव्हतंच... की होतं, आणि ते चार बोटांनी परवा भट्टीवर देऊन टाकलं?

दुपारी एकच्या सुमाराला एवोदियोची पांढरी गाडी आली. एवोदियो शहरातून, ओहाकाहून, परक्या पाहुण्यांची लहानशी टोळी घेऊन यायचा. आठ जणांच्या वर माणसं घेत नाही हा त्याचा बाणा होता. हस्तकला, जुन्या रीती, घरचं जेवण. एरवी दर गुरुवारी यायचा, आज सणासाठी मुद्दाम. तो उरिएलच्या वर्गातला. दोघांनी मिळून शाळेची खिडकी फोडली होती आणि मार मात्र एकट्या उरिएलनं खाल्ला होता.

"मावशी, आज जरा हसा हं. मागच्या खेपेला एक बाई विचारत होती, ही आमच्यावर रागावलीय का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही हो, चेहराच तसा आहे. भाजायला ठेवला तेव्हा भट्टी जरा जास्त तापली."

"मेल्या," ती म्हणाली, आणि हसली. त्याच्याशी हसता यायचं, म्हणूनच तर ती या लोकांना घरात घेत होती... त्याच्या बोलण्यात मध्येच उरिएलचा एखादा शब्द यायचा, वाक्य सोडून देण्याची उरिएलची लकब यायची, आणि ती कान लावून बसायची.

ती जमिनीवर बसली. एक थाळी पालथी, तिच्यावर दुसरी उताणी, वर मातीचा गोळा. हातानं फिरवत फिरवत मडकं वर आणायचं, एवढंच तिचं चाक. पाहुणे गोल उभे राहिले. मान आली, खांदा आला, पाहुण्यांनी 'आहा' केलं, आणि तिनं नेहमीप्रमाणे ते मडकं दोन्ही तळव्यांनी दाबून परत गोळा केलं, कारण वाळवायला, गारगोटीनं घासायला, भट्टीत मातीनं तोंड लिंपून धुरात काळं करायला तीन आठवडे लागतात आणि पाहुण्यांना तासाभरात निघायचं असतं. किती वर्षं हेच एक मडकं ती करते आहे आणि मोडते आहे. कोणीतरी एकदा विचारलं होतं, वाईट नाही का वाटत मोडताना? माती ओली आहे तोवर काही मोडत नाही, असं तिनं एवोदियोकरवी सांगितलं होतं, आणि तिला स्वतःलाच ते वाक्य फार आवडलं होतं. मूर्ख बाई.

मग नेहमीचा प्रश्न आला. मुलं किती? दोन, ती म्हणाली. मुलगी पुएब्लाला दिलीय, मुलगा उत्तरेत असतो. एवोदियोनं ते इंग्रजीत सांगितलं. तिच्या पाच शब्दांचे त्याचे पन्नास व्हायचे, पण इंग्रजी भाषाच तशी लांबलचक असेल, असं ती समजत आली होती. पाहुण्यांचे चेहरे उतरले. ते नेहमीच उतरायचे. एकीनं तर मागे तिचा चिखलानं भरलेला हात धरून गालाला लावला होता. परदेशातली माणसं हळवी असतात, त्यांची मुलंही दूर दूर राहत असतील, असं ओतिलियाला वाटायचं.

शेवटी वेदीपुढे जायचं. पाहुण्यांनी एकेक झेंडूचं फूल ठेवायचं, एवढा भाग एवोदियोनं त्यांच्यासाठी राखलेला होता. आठ जणांत एक पांढऱ्या केसांची म्हातारी होती, आयलीन नावाची, कॅनडातून आलेली. नऊ वर्षांपूर्वीही एकदा ती इथे येऊन गेली होती म्हणे. तिनं फूल ठेवलं. मग पिशवीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, कापड सोडलं, आणि फिदेन्सियोच्या फोटोशेजारी, अगदी अलगद, दोन्ही हातांनी एक चौकट उभी केली.

उरिएल हसत होता.

भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसलेला, गालाला राख, एक डोळा धुरानं मिटलेला — हा फोटो तिनं कधी पाहिलेला नव्हता, हे हसू तिच्याकडे नव्हतं, सात वर्षं जे पाच-सहा फोटो बघून बघून तिनं झिजवले होते त्यांत हे कुठेच नव्हतं — आणि पहिला एक क्षण, देवा, तिला नुसता आनंद झाला. दात दिसताहेत त्याचे. तो पुढचा किंचित तुटलेला दात, तो तर ती विसरलीच होती! आणि मग तिला तो कुठे उभा आहे ते दिसलं.

होविताच्या हातातली फुलांची पाटी खाली पडली. म्हातारी ओतिलियाकडे वळली, तिचे डोळे भरलेले होते, ती काहीतरी बोलली आणि तिनं हात जोडले. या पाहुण्यांत कोणी हात जोडत नाही. ती बिचारी चर्चमध्ये जोडतात तसे जोडत होती.

"हिला कोणी सांगितलं?" ओतिलियानं विचारलं. आवाज आपला नाही असं तिला वाटलं.

एवोदियोचा चेहरा पांढरा पडला होता. "मावशी..."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतो. सगळ्यांनाच. हिनं मागे त्याचा फोटो काढला होता, यायच्या आधी त्याची चौकशी केली, तेव्हा हिलाही. हे लोक येतात आणि नुसते फोटो काढत सुटतात, मावशी. हे सांगितलं की गप्प होतात. मला वाटायचं... कोणीतरी त्याच्यासाठी गप्प व्हावं. इथे तर त्याचं नावसुद्धा घ्यायची चोरी."

म्हणजे इतकी वर्षं दर गुरुवारी, इथेच, तिच्या अंगणात, तिच्यासमोर, त्या लांबलचक भाषेत तिचा मुलगा मरत होता. ती मडक्याची मान आवळत होती आणि तो मरत होता. ती पाहुण्यांना गरम चॉकलेटचा पेला देत होती आणि त्यांच्या लेखी ती मेलेल्या मुलाची आई होती. फक्त तिलाच कोणी ते तिच्या भाषेत सांगितलं नव्हतं. थोबाडीत मारावी याच्या. पण हात उचलला गेला नाही. शाळेच्या त्या खिडकीचा मारही याचा अजून राहिलेलाच होता.

"काढून घेऊ का, मावशी?"

"हात लावू नकोस."

काढणार कसा? एकदा वेदीवर ठेवलं ते मेलेली माणसं येऊन, जेवून जाईपर्यंत हलवत नाहीत. हलवणं म्हणजे जेवायला बसलेल्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेणं. हे तिनंच लहानपणी उरिएलला चापट मारून शिकवलं होतं, वेदीवरचं संत्रं उचलताना. आणि ठेवायचं, तर तीन वाजता चर्चची घंटा होईल, गेलेली माणसं गावात शिरतील, आणि मग तो त्यांच्यातला. सही, शिक्का, कचेरी काही नको. गावात त्याच्यापुढे अपील नाही.

एवोदियोनं पाहुण्यांना बाहेर नेलं. म्हातारी जाताना पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती. आपलं काहीतरी चुकलं एवढंच तिला कळलं होतं. होविता मात्र हलली नाही. ती त्या चौकटीसमोर गुडघ्यांवर बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की तिला हायसं वाटत होतं? दोन्ही असेल. ओतिलियाला तिचा राग आला, आणि मग रागही धड टिकला नाही.

"आई," होविता म्हणाली, "मी दर वर्षी बाहेर ठेवते ना पाणी, कुंपणाशी..."

गावात प्रत्येक घर ठेवतं. एक पेला पाणी, एक पाव, दाराबाहेर, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी. वाटेत मेलेले, नाव नसलेले, ज्यांच्या नावानं कुठल्याच घरात वेदी मांडलेली नाही असे. आत यायची मुभा त्यांना नसते. बाहेरच उभ्या उभ्या प्यायचं आणि पुढच्या दाराला जायचं.

"मी ते त्याच्यासाठीच ठेवत होते," होविता म्हणाली.

ओतिलिया तिच्याशेजारी खाली बसली. तिला हे कधी सुचलंच नव्हतं. तो जिवंत आहे असं ती सात वर्षं छातीठोकपणे सांगत आली, भांडत आली, आणि त्या हट्टाची दुसरी बाजू कधी तिच्या डोक्यात आली नाही: समजा, तो नसला... समजा, त्या पेट्रोल पंपानंतर लगेचच तो नसला, तर सात वर्षं, दर वर्षी, याच दुपारी तो सगळ्यांबरोबर गावात आला असेल. झेंडूच्या वाटेनं अंगणापर्यंत आला असेल. आत बघितलं असेल. आजी, आजोबा, बाप, तिघांसमोर मिरच्यांचा काळा रस्सा, मोले, वाढलेला, मेस्कालची दारू ओतलेली, आणि त्याचा फोटो नाही. आपल्याच आईच्या घराबाहेर उभा राहून त्यानं पाणी प्यायलं असेल, भिकाऱ्यासारखं, आणि पुढच्या दाराला गेला असेल. आणि आई आत, ताठ मानेनं, बायकांना तीन फोटो मोजून दाखवत होती.

नाही. नाही, तो जिवंत आहे. कुठेतरी तुरुंगात असेल, कोणीतरी राबवून घेत असेल, मारत असतील — रोज मारत असतील, सात वर्षं. हेच ना तुझं जिवंत असणं? याचीच ना रोज मेणबत्ती लावून भीक मागतेस?

ती उठली आणि वेदीशी गेली. चौकट उलटी करावी, निदान तोंड भिंतीकडे करावं, म्हणजे ठेवलीही आणि नाहीही... तिनं चौकटीच्या कडेला हात लावला, आणि घंटा सुरू झाली. एक, मग दुसरी, मग एर्मेलिंदाच्या गल्लीतून फटाक्यांची माळ. मागे होविता धुपाचं भांडं फुंकायला लागली. धूर वर आला. ओतिलियाचा हात होता तिथेच राहिला, आणि तिची नजर आपसूक दाराकडे वळली, रस्त्यापासून आत आलेल्या त्या पिवळ्या वाटेकडे, जिच्यावर कोणीच नव्हतं.

ये, असं तिला म्हणायचं होतं, आणि तिला कळलं की जिवंत माणसाला आज या वाटेनं येता येत नाही. सात वर्षांत पहिल्यांदा, इतकी मनापासून की तिची तिलाच भीती वाटली, ती इच्छा करत होती — देवा, मेलेला असू दे. मेलेला असू दे त्याला, म्हणजे तो आता घरात येईल.