गुरुवारचा कोबी

दर रविवारी सकाळी सून आठवडाभराच्या जेवणाची आणि बाजाराची यादी करायला बसे. तिचे सासरे, घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माणूस, विचारलं की एकच उत्तर देत, "काहीही चालेल." दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून त्यांनी जेवणाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या रविवारी सुनेने नेहमीप्रमाणे गुरुवारपुढे कोबी लिहिला.

"गुरुवारी कोबी नको," सासरे हळूच म्हणाले.

"का हो बाबा? तुम्हाला आवडतो म्हणून तर करते. आईंनीच सांगितलं होतं."

"मला कुठे आवडतो? तिला आवडायचा. स्वतःपुरतं काही करायचा तिला संकोच वाटायचा, म्हणून माझं नाव पुढे करायची. मीही चाळीस वर्षं मुकाट्याने खाल्ला."

सुनेने पेन खाली ठेवलं. "आणि आम्ही सगळे तुमच्यासाठी खातोय," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. तेही हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग काय आणू?"

ते विचारात पडले. आपल्याला काय आवडतं, हे सत्तरीत नव्याने आठवावं लागत होतं.

"मटार आण," ते शेवटी म्हणाले. "सोलायचं काम माझं."

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मटार सोलले खरे, पण निम्मे कच्चेच फस्त केले. सुनेला भाजीत ऐनवेळी बटाटे वाढवावे लागले.