चेहऱ्याला हात नको

चिमणीने हात पुढे केला आणि ताईंनी तो वाटेतच अडवला.

"नाही. हात नको."

चिमणीचा हात ताईंच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर तसाच हवेत राहिला. कालपर्यंत चालत होतं ते आज का चालत नाही, हे तिला कळेना. तिने ताईंच्या तोंडाकडे पाहिलं, तर ताईंनी तोंड फळ्याकडे फिरवलेलं.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत हात लावल्याशिवाय शिकणं नाही. 'पोट' आणि 'बोट' आरशासमोर उभं राहून म्हणून पाहा. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. आपल्याला कानांनी फरक कळतो. ज्याला कानातल्या यंत्रातून जेमतेम गुणगुण पोचते, त्याने काय करायचं? त्याने बाईंच्या जबड्यावर हात ठेवायचा. 'ब' म्हणताना ओठ उघडायच्या आधीच हाताला थरथर लागते; 'प'ला थरथर नाही, नुसती हवेची फुंकर. ताईंच्या जबड्यावर हात ठेवून कितीतरी पोरं 'बाबा' म्हणायला शिकली होती. पोरांचे बाबा तो शब्द ऐकून वर्गातच डोळे पुसत, आणि ताई त्यांना दरडावत, "रडू नका हो, त्याला वाटेल चुकीचं बोललो."

आणि नेमकी तीच हनुवटी मुरुमांनी भरली होती.

ताई अडतीस वर्षांच्या. पुस्तकात या दुखण्याला तारुण्यपीटिका म्हणतात. "तारुण्य गेलं, पीटिका तेवढ्या राहिल्या," असं त्या स्वतःच आधी म्हणून मोकळ्या व्हायच्या, म्हणजे दुसऱ्या कुणी म्हणायला नको. शाळेत असताना मुरुमं आली तेव्हा आई म्हणाली, लग्न झालं की जातील. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, मूल झालं की जातील. मूल झालं, मोठं होऊन वसतिगृहात गेलं, मुरुमं घरीच राहिली. जबड्याच्या कडेने मोठी, आतून ठणकणारी गाठ यायची, ती बसते न बसते तोच शेजारी दुसरी. सल्ले मात्र फुकट आणि भरपूर. कुणी लिंबू सांगितलं, कुणी बर्फ. शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या बाईंनी चारचौघांत विचारलं होतं, "पोट साफ होतं का हो तुमचं?" त्यावर काय उत्तर द्यायचं? ताई हसल्या होत्या आणि नंतर बराच वेळ नळापाशी उभ्या राहिल्या होत्या.

शेवटी त्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी दिवा जवळ आणला, चेहरा इकडून तिकडून पाहिला आणि कागद ओढला.

"सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉशनं तोंड धुवायचं. घासायचं नाही. मग मॉइश्चरायझर. बाहेर पडताना सनस्क्रीन. रात्री हे मलम, वाटाण्याएवढंच, चेहरा कोरडा झाल्यावर. सुरुवातीला एक दिवसाआड."

"कधी जाईल?"

"दोन-तीन महिने धीर धरा. आधी वाढल्यासारखं वाटेल बरं का. लाल होईल, पापुद्रे निघतील. घाबरून सोडायचं नाही. आणि चेहऱ्याला हात लावायचा नाही. अजिबात."

ताईंच्या ओठांवर प्रश्न आला होता: आणि दुसऱ्यांनी लावला तर? पण दिवा अजून तोंडावर होता, डॉक्टरीणबाईंची कातडी सायीसारखी नितळ होती, आणि इतक्या जवळून आपला चेहरा कुणी पाहत असताना ताईंना एकच गोष्ट सुचायची, ती म्हणजे तिथून उठणं. त्या उठल्या.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. इथे मुंगी उलटीच चालू लागली. पहिले काही आठवडे चेहरा भाजल्यासारखा लाल, हनुवटीवर सुटलेले पापुद्रे, आणि त्यांच्यामधून नव्या जोमाने वर आलेली मुरुमं. ताई रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहून सगळं शिस्तीत करत: धुणं, टिपणं, क्रीम, त्यावर सनस्क्रीन. आणि आपणच आपल्या हाताने चेहऱ्याची वाट लावतो आहोत असं त्यांना रोज वाटे.

"अगं, जुनी पाइपलाइन साफ करायला घेतली की आधी गढूळच पाणी येतं," नवरा म्हणाला. तो प्लंबर होता.

"तुम्हाला सगळीकडे नळच दिसतात."

"मग काय तर! मध्येच काम सोडून पळालं की घरभर चिखल. लावत राहा तू."

माणूस प्रेमाने बोलत होता, खोटंही बोलत नव्हता. पण त्याला दिवसभर नळ बघायचे असत, नळ त्याच्याकडे बघत नसत. ताईंकडे मुलं बघत. तेही कसं? आपण बोलताना माणसाच्या डोळ्यांत पाहतो, ही मुलं सकाळपासून शाळा सुटेपर्यंत ओठ आणि हनुवटी पाहतात. तिथेच त्यांचे शब्द येतात. चोराच्या मनात चांदणं. ताईंना वाटे, ती शब्द शोधत नाहीत, मुरुमं मोजताहेत.

म्हणून एका सकाळी त्यांनी आपली खुर्ची हलवली. पूर्वी ती खिडकीसमोर असे, उजेड थेट ताईंच्या तोंडावर पडे. आता खिडकी पाठीमागे गेली आणि चेहरा सावलीत. "मलम लावलंय ना, ऊन सोसत नाही," असं त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला. उजेडाकडे पाठ करायची नाही, फळ्याकडे बघून बोलायचं नाही, तोंडापुढे हात धरायचा नाही: नव्या शिक्षकांना हे धडे ताईच द्यायच्या. आता तिन्ही त्यांनी गुंडाळून ठेवले होते, आणि त्यांना वाटत होतं की कुणाच्या लक्षात आलं नाही.

चिमणीच्या आलं होतं. चिमणी नऊ वर्षांची. खरं नाव वेगळं. पण पहिल्या दिवशी तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यावरून मोठ्या बाईंनी तिला चिमणी म्हटलं आणि तेच चिकटलं. वर्गातली सगळ्यात हुशार पोर. पलीकडच्या रस्त्यावरच्या नेहमीच्या शाळेने या वर्षी कर्णबधिर मुलांपैकी एक मूल घेऊन बघायचं ठरवलं होतं, आणि मोठ्या बाईंनी चिमणीचं नाव पुढे केलं होतं. तिथल्या मुख्याध्यापिका स्वतः येऊन तिला बोलताना पाहणार होत्या. चिमणीची आई कपड्यांना इस्त्री करायची. ती फाटकापाशी थांबून विचारायची, "होईल ना हो ताई?"

"होईल हो. पोर तल्लख आहे तुमची."

ताई तयारी करून घेत होत्याच, त्यात कसूर नव्हती. नाव काय, वय किती, घरी कोण कोण, काय आवडतं. सावलीतून प्रश्न यायचे, चिमणी डोळे बारीक करून पुढे वाकायची आणि उत्तर द्यायची. बरोबर द्यायची. सुरुवातीला तिचा हात सवयीने वर यायचा, ताई म्हणायच्या, "हात नको." पुढे तो वर येईनासा झाला. ताईंना वाटलं, बरं झालं, तिथल्या शाळेत कुठे जबड्याला हात लावायला मिळणार आहे?

पाहुण्या बाई आल्या त्या दिवशी ताई नेहमीपेक्षा लवकर उठल्या होत्या. हनुवटीवर दोन नवी मुरुमं आली होती, ओठाखाली एक पापुद्रा लोंबत होता. तो ओढायचा नाही हे माहीत असून त्यांनी ओढला आणि तिथे रक्त आलं. शाळेत येईपर्यंत त्याची खपली धरली. दिवसभर त्यांना त्या खपलीशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

पाहुण्या बाई प्रेमळ होत्या. त्या खिडकीजवळच्या बाकावर बसल्या, चिमणीकडे बघून हसल्या आणि ताईंना म्हणाल्या, "तुम्हीच विचारा, तिला तुमची सवय आहे. फक्त नेहमीच्या क्रमानं नको. म्हणजे पाठ केलंय असं वाटायला नको, एवढंच."

"हो, हो," ताई म्हणाल्या. त्यांनी चिमणीकडे पाहून विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

चिमणीने पुढे वाकून पाहिलं. तिने क्षणभर विचार केला आणि स्वतःचं नाव सांगितलं.

"नाही. घरी. घरी कोण आहे?"

"नऊ," चिमणी म्हणाली.

ताईंना आत्ता कळलं. पोर ओठ वाचतच नव्हती. इतके दिवस तिला सावलीत काही दिसलंच नव्हतं, आणि तिने तक्रार न करता सगळे प्रश्न ओळीने लक्षात ठेवून उत्तरं दिली होती. पहिल्याला नाव, दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला आई-बाबा-दादा. आपण तिला शिकवलं ते एवढंच.

उपाय ताईंना माहीत होता. खिडकीकडे तोंड करून पोरीसमोर गुडघ्यावर बसायचं, तिचा हात जबड्यावर ठेवायचा. चार पावलांचं काम. त्या दोन पावलं गेल्याही. उजेड गालावर आला तशी पाहुण्या बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं, जसं कुणीही पाहील. आणि ताईंचा हात आपोआप उठून हनुवटीवर गेला. त्या हाताआडूनच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "तुला काय आवडतं?" आणि पोरीला ऐकू यावं म्हणून मोठ्याने विचारला.

चिमणी गोंधळून त्या हाताकडे पाहत राहिली. मग तिला काहीतरी उमगल्यासारखं झालं. तिने आपलाही हात उचलला आणि ताईंसारखाच, अगदी तस्साच, आपल्या हनुवटीवर ठेवला. बरोबर आलं का, म्हणून ती ताईंकडे बघून हसली.

पाहुण्या बाईंनी चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला. "गोड आहे हो पोरगी. पण अजून थोडी तयारी होऊ दे. पुढच्या वर्षी पाहू या आपण. या वर्षी अशाच दुसऱ्या एका शाळेतून एक मूल आलंय, त्याला घेतो."

फाटकापाशी चिमणीची आई उभी होती. तिला मोठ्या बाईंनी सांगितलं असावं. ताई काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "जाऊ द्या ताई. तुम्ही काय कमी कष्ट घेतलेत का? तिचे कानच असे, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

ताईंना तिला थांबवायचं होतं, सगळं सांगायचं होतं. पण त्या मान खाली घालून फाटकाबाहेर पडल्या. रागावली असती, चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं आधीच ठरलं होतं, म्हणून त्या गेल्या. या वेळी दिवा तोंडावर येण्याआधीच त्यांनी विचारून टाकलं. डॉक्टरीणबाई चकितच झाल्या.

"अहो, मी नखांनी फोडू नका, सारखं चाचपू नका म्हणत होते! पोरांनी हात धुऊन लावला तर काय बिघडतंय? आधी सांगायचं ना, काम काय करता ते." मग त्यांनी हनुवटी वळवून पाहिली. "पण गुण येतोय हं. हे दोन सोडले तर नवं काही नाही. चालू ठेवा."

एरवी ही बातमी ताईंनी धावत घरी नेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची उचलून खिडकीसमोर ठेवली आणि बसल्या. उजेड सरळ तोंडावर आला. सनस्क्रीनचा पांढुरका थर, त्याखालची लाली, कालची खपली, सगळं उघडं. मुलं आली, बसली आणि त्यांच्याकडे पाहू लागली. ती ओठ हलायची वाट पाहत होती.

चिमणी जागेवरून उठून पुढे आली. हात पाठीमागे बांधलेले.

"ताई," ती म्हणाली. "राग गेला?" तिचा 'र' अजून अडखळायचा, पण शब्द कळला.

"कुणाचा राग?"

तिने मानेने ताई दाखवल्या, मग हनुवटी छातीला टेकवून स्वतःला दाखवलं. "ताई. माझा. राग."

इतके आठवडे. इतके आठवडे ही पोर आपल्या हातून काय चुकलं ते शोधत होती.

"नाही गं. राग नव्हता."

"मग?" चिमणीने झटकन तोंड भिंतीकडे फिरवून, खांदा वर करून ताई कशा बसायच्या ते करून दाखवलं. मागच्या बाकावरच्या दोघांनी जोरजोरात माना हलवल्या. होय, अशाच.

'दुखत होतं' म्हणता आलं असतं. तो शब्द मुलांना येत होता, आणि अगदीच खोटाही नव्हता. पण ही मुलं शब्दाच्या आधी चेहरा वाचतात, त्यांच्यासमोर अर्धवट बोलून भागत नाही.

"लाज," ताई म्हणाल्या. "मला लाज वाटत होती."

चिमणीच्या भुवया वर गेल्या. हा शब्द वर्गात कधी आला नव्हता. ती ताईंच्या ओठांकडे रोखून पाहत राहिली. ताईंनी तिचा हात धरून पुढे ओढला, तशी तिने तो घट्ट मागे घेतला.

"हात नको," ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली, एकही अक्षर न चुकता. तिच्या तोंडून इतकं स्वच्छ वाक्य ताईंनी आजवर ऐकलं नव्हतं.

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुन्हा तिचा हात घेतला, हळूच उघडला आणि आपल्या हनुवटीवर टेकवला. खपलीखाली हुळहुळलं. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"ल," त्या म्हणाल्या. जीभ वर कशी लागते ते दिसावं म्हणून त्यांनी तोंड चांगलं उघडलं. "लाज."

"लाद."

"ज. लाज."

"लाज," चिमणी म्हणाली.

तिच्या मागे बाकीची मुलं येऊन रांगेत उभी राहिली होती. नवा शब्द सगळ्यांनाच हवा होता.