दादाच्या तबकड्या

घरात दादाला वहिनीचं नाव आठवेनासं झालं, तेव्हाही विमानात बसला की इंजिन तापल्यावर तेलाचा दाब किती असावा हे तो डोळे मिटून सांगायचा. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

विमान त्याचंच. एका इंजिनाचं, चार माणसांचं, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठं. कुठल्याशा शेडमध्ये धूळ खात पडलं होतं, ते दादाने उचलून आणलं. पंखांचे पत्रे बदलले, इंजिन दोनदा खोललं. मी कॉलेज अर्धवट सोडून त्याच्या हाताखाली शिकायला आले तेव्हा आईने डोक्याला हात लावला होता. दादा मला ‘पाना’ म्हणायचा, कारण तो मागायच्या आतच मी त्याच्यापुढे पाना धरायचे, आणि पान्यासोबत सल्लाही. आता दादाचं विमान असतं त्याच विमानतळावर मी मेकॅनिक आहे. माझ्या कामाला कोणी नावं ठेवत नाही, तोंडाला ठेवतात.

विसरण्याच्या आजाराचं निदान झालं आणि दादाचं उडवण्याचं लायसन्स गेलं. मग दर शनिवारी सकाळी वहिनी त्याला विमान ठेवायच्या हँगरवर घेऊन यायची. तो डाव्या सीटवर, त्याच्या नेहमीच्या जागी. मी उजव्या. वहिनी मागे. लायसन्स माझ्याकडेही होतं, त्यामुळे उडवायचे मीच, पण सुरू करण्याआधीची सगळी तपासणी त्याची. त्याचा हात पॅनेलवरून आपोआप फिरायचा. वेगाची तबकडी, उंचीची, मग खाली इंधनाच्या दोन. प्रत्येकीच्या काचेवर बोटाने टकटक करायचा. काटा चिकटला असेल तर सुटतो, म्हणून ही त्याची जुनी सवय.

“पाना, तुझ्या बाजूचं दार नीट लाव. दर वेळी सांगायचं का?”

त्या पाऊण तासात तो माझा दादा असायचा. मागे वळून वहिनीला विचारायचा, “पट्टा लावलास का गं?” तेवढ्या एका प्रश्नावर ती बिचारी आठवडा काढायची.

एका शनिवारी हवेत असताना क्षितिजाची तबकडी खोटं बोलायला लागली. विमान सरळ चाललेलं, आणि ही दाखवतेय की एका अंगावर कललंय. आभाळ स्वच्छ होतं म्हणून निभावलं. उतरल्यावर मी जाहीर केलं की जुनं पॅनेल आता पूर्ण काढायचं आणि त्या जागी दोन स्क्रीन बसवायचे.

“सगळंच कशाला?” वहिनी म्हणाली. “बिघडलीय तेवढी एक बदल ना.”

“अर्धवट काम मी करत नाही. आणि स्क्रीनवर अक्षरं मोठी असतात. दादाला वाचायला सोपं.”

“तो वाचत नाही गं. त्याचा हात जातो.”

“वहिनी, तुला यातलं काय कळतं?” मी फाडकन बोलले. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

काम मी जीव ओतून केलं. तबकड्या एकेक करून काढल्या, त्यांच्या मागचं वायरचं आणि नळ्यांचं जंजाळ उपसलं, नवा पत्रा कापून बसवला. आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो दादाचाच. विमानातून बाद केलेला भाग त्याच दिवशी मोडायचा. फळीवर ठेवलेला जुना भाग एक दिवस घाईत कोणीतरी चांगला समजून बसवतो आणि माणसं जिवाला मुकतात. तेव्हा मी अकराच्या अकरा तबकड्या ऐरणीवर ठेवून हातोड्याने फोडल्या आणि जुन्या पॅनेलचे पत्र्याच्या कात्रीने तीन तुकडे केले. वाईट वगैरे काही वाटलं नाही. दादाला कळलं असतं तर त्याने पाठ थोपटली असती, असंच मनात आलं.

आठ आठवडे गेले. दर शनिवारी तो सकाळीच बूट घालून दारात बसायचा आणि वहिनी त्याला समजावून आत न्यायची.

नवव्या शनिवारी मी विमान हँगरच्या बाहेर काढून पुसून ठेवलं होतं. दादा आला, पंखाखालच्या दांड्याला धरून बरोबर डाव्या पायाने वर चढला, बसला. मी उजवीकडून चढले. त्याचा हात पुढे गेला, वेगाची तबकडी जिथे असायची तिथे. बोटाने टकटक केली. स्क्रीनवर भलतंच पान उघडलं. त्याने हात मागे घेतला. पुन्हा पुढे नेला, थोडा खाली. तिथे नुसती गुळगुळीत काच. मग त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले, दवाखान्यात नंबर यायची वाट बघणारा माणूस ठेवतो तसे.

“हे कोणाचं आहे?” त्याने विचारलं.

“तुझंच, दादा.”

तो कसनुसं हसला. “नाही हो. माझं जुनं आहे.”

“दादा, अरे मी पाना.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आवाज तरी ओळखेल. मी इंजिन सुरू केलं. तो इतका दचकला की दाराची कडी घट्ट पकडून बसला. मी बंद केलं.

मागून वहिनीने हळूच माझ्या खांद्याला हात लावला. “जुन्या लाव ना गं परत. बिघडलेली असू दे. आपण उडायचं नाही, नुसतं बसायचं.”

“नाहीयेत.”

“म्हणजे?”

“फोडल्या, वहिनी. मीच फोडल्या.”

“का?”

“दादानेच तसं शिकवलंय.”

मला हवं होतं की तिने माझ्या दोन थोबाडीत द्याव्यात. डॉक्टर पुढे म्हणाले की हे आज ना उद्या होणारच होतं. असेल. पण आज आणि उद्या यांच्यामध्ये किती शनिवार होते ते मला कोणी सांगत नाही. एकच असला तरी तो आमचा होता, आणि तो मी माझ्या हाताने घालवला.

आम्ही दादाला खाली उतरवलं. हँगरच्या दाराशी स्टूल होतं त्यावर तो बसला. थोड्या वेळाने त्याने मला खुणेने जवळ बोलावलं.

“तुम्ही इथेच कामाला आहात का?”

“हो.”

“माझी धाकटी बहीण इथे मेकॅनिक आहे. जरा फटकळ आहे, पण काम एकदम चोख. माझं विमान कुठे ठेवलंय ते तिला बरोबर माहीत असतं. तेवढं तिला बोलवता का?”

“येतेय,” मी कसंबसं म्हटलं. “निघालीय.”

“मग थांबतो,” तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम निवांत झाला.

ऊन डोक्यावर आलं. वहिनीने दोनदा घरी चला म्हटलं, पण तो स्टुलावरून हलेना. बहीण निघालीय, आता पोचेलच, असं तो तिला समजावून सांगत होता. मी समोरच उभी होते, आणि तो मान वाकडी करून माझ्यामागचा रस्ता बघत होता.